शेळीला औषध पाजण्याआधी तीन ‘व’ : वजन, वही आणि वाट



मागच्या व्हिडिओत आपण दहा शेळ्यांच्या गोठ्याचा खर्च मांडला होता. त्याखाली सगळ्यात जास्त प्रश्न एकाच ओळीवर आले. ती ओळ होती ‘औषधोपचार’. कुणी विचारलं, एवढा खर्च कशाला धरला? कुणी विचारलं, जंताचं औषध मेडिकलमधून आणून आपणच पाजलं तर चालतं का? एका दादांनी तर सरळ लिहिलं, “सर, नाव सांगा, मिली सांगा, बाकी आम्ही बघतो.”

दादा, नाव आणि मिली सांगणं फार सोपं आहे. मी एकदा सांगितलं होतं. त्याचीच गोष्ट आधी सांगतो, मग धडा. व्हिडिओत हे सगळं सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे नीट लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये एक गणित आहे.

माझ्या काउंटरवरची चूक

माझं दुकान पशुखाद्याचं. पेंड, भुसा, खनिज मिश्रण, पाण्याची भांडी, दावी, घंटा असा माल. औषधाचा परवाना माझ्याकडे नाही, त्यामुळे औषध मी ठेवत नाही. पण सल्ला मात्र त्या वेळी फुकट वाटायचो. बीबीए झालेलं, दुकान चांगलं चाललेलं, गिऱ्हाईक विचारतंय म्हटल्यावर ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ वळत नव्हती.

आमच्या भागातल्या एक ताई नेहमी पेंड न्यायला यायच्या. बचत गटाचं कर्ज काढून त्यांनी सहा उस्मानाबादी शेळ्या घेतल्या होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्या आल्या, पिशवीतून जंतनाशकाची बाटली काढली आणि म्हणाल्या, “भाऊ, मागल्या वेळी डॉक्टरांनी दरेकीला तीन-तीन मिली पाजलं होतं. ही पण तीच बाटली हाय ना? तेवढंच पाजू का?”

मी बाटली हातात घेतली. औषधाचं नाव तेच होतं, अल्बेंडाझोल. मी म्हटलं, “हो ताई, तेच आहे. तेवढंच पाजा.” दहा सेकंदांचं काम. पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

नाव तेच होतं. पण मागची बाटली १० टक्क्यांची होती आणि ही २.५ टक्क्यांची. तो आकडा नावाच्या खाली बारीक अक्षरात छापलेला असतो. मी तो वाचलाच नाही.

म्हणजे झालं काय, तर सहाही शेळ्यांना लागणाऱ्या औषधाच्या चौथा हिस्सा औषध पोटात गेलं. ताईंच्या डोक्यात मात्र ‘औषध पाजून झालं’ ही गोष्ट पक्की बसली. पाऊस झाला, हिरवं गवत आलं, शेळ्या चरायला जाऊ लागल्या. भादव्याच्या सुमारास दोन शेळ्या मागे मागे राहू लागल्या आणि जबड्याखाली सूज आली. ताईंना वाटलं काही चावलं असेल, म्हणून त्यांनी हळद लावली. जंताची शंका त्यांना येणार तरी कशी? औषध तर पाजलेलं होतं!

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी शेळीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून दाखवली. आतून पांढरीफटक. जंतांनी रक्त शोषलेलं. उपचार झाले, चार शेळ्या वाचल्या, दोन गेल्या.

डॉक्टरांनी बाटली बघितली, किती पाजलं ते विचारलं आणि हिशोब करून दाखवला. ताई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “भाऊ, बाटली येगळी होती म्हणं.”

मी माझ्याकडची एक शेळी त्यांना दिली. दुसरीचा हिशोब माझ्या बाजूने अजून बाकी आहे, असंच मी समजतो. तेव्हापासून या विषयावर मी तीन गोष्टी पाठ केल्या आणि प्रत्येक बॅचला त्याच शिकवतो. तीन ‘व’. वजन, वही आणि वाट.

पहिला ‘व’ : वजन

औषध शेळीच्या संख्येवर नसतं, किलोवर असतं. ‘दरेकीला दहा मिली’ हे वाक्य आजपासून विसरा. गोठ्यात २० किलोची पाट असते आणि ४५ किलोचा बोकडही असतो. दोघांना सारखंच पाजलं तर एकाला जास्त होतं किंवा दुसऱ्याला कमी पडतं.

वजन करायचं कसं?

करडू असेल तर सोपं आहे. घरातल्या वजनकाट्यावर आधी आपण एकटे उभे राहा, मग करडू कडेवर घेऊन उभे राहा. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. झालं.

मोठी शेळी असेल आणि काटा नसेल तर शिंप्याकडे असते तशी टेप घ्या. दोन मापं घ्यायची, दोन्ही इंचात.

१. छातीचा घेर : पुढच्या पायांच्या लगेच मागून टेप पूर्ण फिरवायची. ना घट्ट, ना सैल.
२. लांबी : खांद्याच्या पुढच्या हाडापासून मागे ढुंगणाच्या हाडापर्यंत.

आता गणित : घेर × घेर × लांबी, आणि आलेल्या उत्तराला ६६० ने भागा. येतं ते अंदाजे वजन, किलोमध्ये.

समजा घेर २८ इंच आहे आणि लांबी २६ इंच. २८ × २८ = ७८४. त्याला २६ ने गुणलं की २०,३८४. भागिले ६६०, म्हणजे साधारण ३१ किलो. शेळी सरळ उभी पाहिजे आणि मान समोर पाहिजे, नाहीतर माप चुकतं. हे काट्याइतकं अचूक नाही, पण ‘दिसायला पंचवीसेक किलो असेल’ यापेक्षा कितीतरी बरं. नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच धरतो, हा माझा अनुभव आहे. प्रशिक्षणात मी हा प्रयोग करतो. सगळे अंदाज सांगतात आणि मग काट्यावर शेळी चढली की हसतात.

बाटलीवरचा टक्का वाचायला शिका

वजन मिळालं. आता तीच बारीक अक्षरं.

बाटलीवर २.५ टक्के लिहिलं असेल तर त्याचा अर्थ १०० मिलीमध्ये २.५ ग्रॅम औषध. याची सोपी युक्ती सांगतो : टक्क्याला १० ने गुणा, म्हणजे १ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते कळतं. २.५ टक्के म्हणजे मिलीला २५ मिलिग्रॅम. १० टक्के म्हणजे मिलीला १०० मिलिग्रॅम.

समजा डॉक्टरांनी सांगितलं, किलोला १० मिलिग्रॅम द्या. आपली शेळी ३१ किलोची. म्हणजे लागणार ३१० मिलिग्रॅम.

बाटली २.५ टक्क्यांची असेल तर : ३१० भागिले २५ = १२.४ मिली.
बाटली १० टक्क्यांची असेल तर : ३१० भागिले १०० = ३.१ मिली.

बघा, औषध एक, शेळी एक, आणि मिलीत चौपट फरक! ताईंच्या शेळ्यांचं नेमकं हेच झालं. बारा मिलीच्या जागी तीन मिली गेलं.

उलटी चूकही होते. १० टक्क्यांच्या बाटलीतून बारा मिली पाजलं तर चौपट औषध जातं. काही औषधांत सुरक्षेची मर्यादा फार थोडी असते. लेव्हामिसोल त्यातलंच एक, ते जास्त झालं तर विषबाधा होते. अल्बेंडाझोल नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला देत नाहीत, कारण पोटातल्या करडाला व्यंग येऊ शकतं. म्हणून शेळी कधी फळली ते डॉक्टरांना आधी सांगायचं. त्यांनी नाही विचारलं तरी सांगायचं.

आणखी एक गोष्ट. शेळी म्हणजे छोटी गाय नव्हे, आणि मेंढीही नव्हे. शेळीचं शरीर कित्येक जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचं प्रमाण शेळीला कमी पडू शकतं. मी वर लिहिलेला ‘किलोला १० मिलिग्रॅम’ हा आकडा गणित समजावण्यासाठी आहे. तुमच्या गोठ्याचा आकडा तुमचे डॉक्टर सांगतील. गणित मात्र तुम्हाला यायला पाहिजे, कारण बाटली तुमच्या हातात असते.

पाजायचं कसं?

हिशोब बरोबर आला आणि पाजताना चूक झाली तरी जनावर जातं. औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. ‘औषध पाजलं आणि चार दिवसांत शेळी गेली, औषधच खराब होतं’ अशी तक्रार आपण ऐकतो, त्यात कित्येकदा दोष औषधाचा नसतो, हाताचा असतो.

– बाटली जोरात हलवा. जंतनाशकाचा गाळ तळाला बसतो. न हलवता पाजलं तर पहिल्या शेळीला पाणी आणि शेवटच्या शेळीला गाळ.
– शेळी उभी ठेवा, मागचा भाग भिंतीला किंवा कोपऱ्यात. पाडून, आडवी करून पाजू नका.
– एक हात जबड्याखाली. डोकं जमिनीला समांतर, फार तर किंचित वर. तोंड आभाळाकडे करायचं नाही. जुन्या लोकांची सवय असते मान वर ओढायची, ती मोडायची.
– सुई काढलेली सिरिंज किंवा पाजायची बंदूक ओठांच्या कोपऱ्यातून, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून आत घाला. जीभ ओढू नका. गिळायला जीभ मोकळी लागते.
– हळू. थोडं सोडा, तिला गिळू द्या, मग पुढचं.
– ठसका लागला, खोकली की लगेच डोकं खाली सोडा. उरलेलं औषध नंतर. इथे घाई केली की संपलं.
– पाजून झालेल्या शेळीच्या पाठीवर खडूने खूण करा. वीस शेळ्यांत कुणाला पाजलं आणि कुणाला राहिलं हे डोक्यात राहत नाही.

काचेची बाटली तोंडात घालू नका. शेळीने चावली तर काच पोटात. बांबूच्या नळीने पाजत असाल तर माप आधी सिरिंजने मोजून घ्या, नळीच्या अंदाजाने नको.

इंजेक्शनचा विषय मी शिकवत नाही आणि शिकवणारही नाही. जनावरांवर उपचार कुणी करायचे हे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ मध्ये ठरवून दिलं आहे. व्हिडिओ बघून सुई टोचायची नाही. पाजणं आपलं काम, टोचणं त्यांचं.

सगळ्यांनाच पाजायचं का?

बरेच जण दर महिन्याला सगळ्या गोठ्याला जंतनाशक पाजतात आणि अभिमानाने सांगतात. मित्रांनो, हा पैसे खर्चून नुकसान विकत घेण्याचा प्रकार आहे.

कारण सोपं आहे. प्रत्येक औषधातून थोडे कणखर जंत वाचतात. सारखं सारखं तेच औषध दिलं, किंवा ताईंच्या शेळ्यांसारखं कमी प्रमाणात दिलं, की कमजोर जंत मरतात आणि कणखर तेवढे उरतात. त्यांचीच पिल्लावळ वाढते. मग एके दिवशी तेच औषध त्या गोठ्यात लागूच पडत नाही.

मग ओळखायचं कसं? शेळीचा मोठा शत्रू म्हणजे चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा जंत, हिमोंकस. रक्त गेलं की डोळ्याच्या पापणीची आतली बाजू फिकी पडते. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी यावर मेंढ्यांसाठी एक तक्ता तयार केला, त्याचं नाव फमाचा. त्यात पाच रंग आहेत. एक म्हणजे लालबुंद, पाच म्हणजे पांढराफटक. पुढे तो शेळ्यांसाठीही वापरला जाऊ लागला. चौथ्या-पाचव्या रंगाच्या जनावराला लगेच उपचार लागतात, पहिल्या-दुसऱ्या रंगाच्या जनावराला सहसा लागत नाहीत.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सकाळच्या उजेडात प्रत्येक शेळीची पापणी बघायची सवय लावा. वीस शेळ्यांना अर्धा तास पुरतो. पण लक्षात ठेवा, पापणी फिकी पडण्याची कारणं आणखीही असतात. गोचिडं असतात, यकृतातले चपटे कृमी असतात. आणि सगळेच जंत काही रक्त पीत नाहीत. म्हणून पापणी बघून डॉक्टरांकडे जायचं, मेडिकलकडे नाही.

पक्कं उत्तर लेंड्यांच्या तपासणीत मिळतं. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घ्या, डबीवर शेळीचा नंबर लिहा आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा. जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. कोणता जंत आहे हे कळलं की औषध नेमकं ठरतं. दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. आजच मोबाईलमध्ये ठेवून द्या.

दुसरा ‘व’ : वही

बीबीएला असताना आम्हाला एक वाक्य घोकायला लावलं होतं : जे लिहिलं नाही ते घडलं नाही. तेव्हा कंटाळा यायचा. आता पटतं.

शंभर पानी वही घ्या. त्यात आठ रकाने आखा :

तारीख, शेळीचा बिल्ला नंबर, वजन, औषधाचं नाव आणि टक्का, किती मिली, बॅच नंबर व मुदत, कुणी सांगितलं, दूध-विक्री कधीपर्यंत बंद.

एक नोंद लिहायला एक मिनिट लागतं. त्याचे फायदे बघा.

एक, डॉक्टर आले की त्यांना पहिल्यापासून विचारत बसावं लागत नाही. ताईंकडे अशी वही असती आणि त्यात ‘टक्का’ हा रकाना असता, तर १० च्या खाली २.५ लिहिताना त्यांचा हात नक्की थांबला असता. माझ्यासारख्या शहाण्याची गरजच पडली नसती.

दोन, विम्याचा दावा करताना कानातला बिल्ला आणि उपचाराची कागदपत्रं मागतात. तिथे वही मदतीला येते.

तीन, कोणत्या शेळीवर वारंवार खर्च होतोय ते दिसतं. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर एक शेळी वर्षात चार वेळा आजारी पडते आणि दुसरी एकदाही नाही. पुढच्या पिढीसाठी कुणाची पाट ठेवायची हे वही सांगते.

चार, खरा खर्च कळतो. समजा एका वेळच्या औषधाचा खर्च शेळीमागे वीस रुपये, डॉक्टरांची फी आणि लेंडी तपासणी धरून पन्नास रुपये. वर्षातून तीन वेळा धरलं तर दीडशे. समजा शेळी दहा हजारांची आहे. दहा हजारांच्या भांडवलाला दीडशे रुपयांची राखण. आता सांगा, ‘औषधोपचार’ या ओळीत मी जास्त पैसे धरले होते का?

तिसरा ‘व’ : वाट

हा ‘व’ सगळ्यात अवघड, कारण इथे विक्री थांबवावी लागते.

औषध पाजलं की ते काही तासांत नाहीसं होत नाही. काही दिवस दुधात उतरतं, मांसात राहतं. ते पूर्ण जाईपर्यंत दूध विकायचं नाही, घरीही प्यायचं नाही, आणि जनावर कत्तलीसाठी द्यायचं नाही. या काळाची माहिती औषधाच्या लेबलवर असते. प्रत्येक औषधाचा काळ वेगळा. आपल्या देशाच्या औषध नियमांत २०१२ पासून अशी तरतूद आहे की एखाद्या औषधाचा नेमका काळ ठरलेला नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे.

आता धंद्याच्या भाषेत बघू. बकरी ईदला बोकड विकायचे असतील तर कॅलेंडरवर उलटे दिवस मोजा. लेबलवर काळ नसेल तर किमान २८ दिवस आधी औषधाचं काम संपलेलं पाहिजे. नियोजन असेल तर एक रुपयाही बुडत नाही. नियोजन नसेल तर दोनच रस्ते उरतात, एकतर बाजार सोडायचा, नाहीतर औषध असलेलं मांस कुणाच्या तरी ताटात वाढायचं. दुसरा रस्ता आपला नाही.

दुधाचंही तसंच. शेळीचं दूध आपल्याकडे बहुतेक वेळा घरातल्या लहान लेकराला किंवा आजारी माणसाला देतात. म्हणजे ज्याच्या अंगात ताकद कमी त्याच्याच पेल्यात ते जातं. हे डोक्यात ठेवलं की सात दिवस दूध बाजूला ठेवणं जड जात नाही.

वाट बघण्याचा दुसराही अर्थ आहे. औषध दिलं म्हणजे काम झालं असं नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा लेंड्या तपासून घ्या. अंडी कमी झाली नसतील तर एकतर प्रमाण चुकलंय किंवा औषध लागू पडत नाही. ताईंच्या गोठ्यात ही एक तपासणी झाली असती तर माझी चूक श्रावण लागायच्या आधीच पकडली गेली असती.

कुणी कितीही आग्रह केला तरी हे करू नका

माणसांची गोळी अर्धी मोडून जनावराला देऊ नका. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आपल्याकडे जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं. कारण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. या एका औषधापायी आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपत आली. एका गोठ्यातली गोळी आभाळातल्या पक्ष्यापर्यंत पोचते, ती अशी.

प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, शेजाऱ्याच्या उरलेल्या बाटलीतून देऊ नका. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर पाच दिवस पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी शेळी चरायला लागली म्हणून थांबू नका. वाढीसाठी म्हणून खाद्यात प्रतिजैविक मिसळू नका. कोलिस्टिन हे औषध २०१९ मध्ये आपल्या सरकारने खाद्य देणाऱ्या जनावरांसाठी बंद केलं. ते माणसांच्या उपचारात अगदी शेवटी वापरायचं औषध आहे, गोठ्यात वाया घालवायचं नाही.

लस आणि औषध यांचा घोळ करू नका. जंतनाशक पाजलं म्हणजे आंत्रविषार टळत नाही. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी लागते. पीपीआरची लस वेगळी. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली तरच कामाची, पिशवीत घालून उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

आणि औषधाच्या साठ्याला दुकानाचा नियम लावा : ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, बाकीचं मागे. बाटली फोडली की तिच्यावर तारीख लिहा. कपाट सावलीत आणि लेकरांच्या हाताला न लागेल असं.

तुमच्यातल्या भावी दुकानदारांसाठी

हा ब्लॉग वाचणाऱ्या बऱ्याच जणांना कृषी सेवा किंवा पशुखाद्याचं दुकान टाकायचंय. त्यांना हात जोडून सांगतो. औषध विकायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हे तर आहेच. पण सल्ला द्यायला परवाना लागत नाही असं समजू नका. काउंटरवर बोललेलं वाक्य गिऱ्हाईक गोठ्यात नेऊन पाळतं.

माझ्या दुकानात आता काउंटरच्या बाजूला तीन वस्तू आहेत : एक टेप, एक वजनकाटा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात १९६२. कुणी ‘किती पाजू’ विचारलं की मी टेप हातात देतो आणि बाटलीवरचा टक्का त्यांनाच वाचायला लावतो. आकडा डॉक्टरांना विचारा, गणित आपण मिळून करू, एवढंच म्हणतो. यामुळे गिऱ्हाईक तुटेल असं वाटलं होतं. उलट वाढलं. ज्याला ‘माहीत नाही’ म्हणता येतं त्याच्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात, हे मला बीबीएच्या कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गोठ्यातल्या तीन शेळ्यांचं वजन आधी नजरेने लिहा, मग टेपने काढा. फरक कमेंटमध्ये टाका.
२. घरात जनावरांच्या औषधाची जी बाटली असेल तिच्यावरचा टक्का वाचा आणि १ मिलीमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते काढा.
३. वहीत आठ रकाने आखून पहिली नोंद करा.

ज्यांच्याकडे अजून शेळ्या नाहीत त्यांनी ओळखीच्या गोठ्यावर जाऊन पहिला गृहपाठ करावा. शेळ्या आणायच्या आधी टेप धरायला शिकलात तर तुम्ही माझ्या पुढे आहात.

त्या ताई अजून माझ्याकडूनच पेंड नेतात. त्यांच्याकडे आता चौदा शेळ्या आहेत आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही. मागच्या महिन्यात आल्या तेव्हा वही काउंटरवर ठेवून म्हणाल्या, “भाऊ, ह्यो टक्का बरोबर लिव्हलाय का, बघ जरा.” मी चष्मा लावला आणि बाटलीवरचं बारीक अक्षर दोनदा वाचलं.

पुढच्या भागात : गोठ्याचा विमा, कागदपत्रं कोणती आणि दावा कसा करायचा. भेटू.